सराव प्रश्न सोडवूनही इंग्रजी व्याकरण पक्कं का होत नाही? सोडवायचं कसं, तपासायचं कसं

फळा_खडू (धागाकर्ता)

नाशिकमध्ये शिकवण्या घेणारे, पालक आणि नोकरी सांभाळून इंग्रजी पक्कं करणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा. विषय एवढाच की व्याकरणाचे सराव प्रश्न कसे सोडवायचे आणि सोडवून झाल्यावर त्यांचं काय करायचं.

नेहमी दिसणारी गोष्ट घ्या. पानावर 'सिम्पल पास्ट टेन्स' असं शीर्षक, खाली वीस रिकाम्या जागा. मूल वीसपैकी अठरा बरोबर आणतं. त्याच आठवड्यात पत्रलेखनात तेच मूल 'यस्टरडे आय गो टू द मार्केट' लिहितं. याला आपण लगेच निष्काळजीपणा म्हणतो. पण पानावरच्या शीर्षकानं अर्धं उत्तर आधीच देऊन टाकलेलं असतं. मुलाला फक्त 'गो'चं 'वेन्ट' करायचं होतं; काळ कोणता हवा हे ठरवायची वेळच त्याच्यावर आली नाही. पेपरात आणि बोलताना ठरवावं लागतं ते नेमकं तेच.

म्हणून पहिलं काम म्हणजे शीर्षक झाकायचं आणि प्रश्न मिसळायचे. तीन वेगवेगळ्या पानांवरचे पाच-सहा प्रश्न उचला, एका कागदावर उलटसुलट क्रमानं लिहा. एका बैठकीला १५ ते २० प्रश्न पुरे, वेळ साधारण २५ मिनिटं. पेननं लिहायचं, खोडरबर जवळ ठेवायचा नाही. ज्या उत्तराबद्दल खात्री नाही, त्याच्या शेजारी सोडवतानाच एक ठिपका द्यायचा. हा ठिपका फार कामाचा आहे. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण केली तरी चारातलं एक बरोबर येतं, त्यामुळे ठिपका असलेलं बरोबर उत्तरसुद्धा तपासताना चुकीसारखंच धरायचं.

तपासणी त्याच दिवशी. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा: 'न' म्हणजे नियम माहीत नव्हता, 'सु' म्हणजे माहीत होता पण सुटला, 'प्र' म्हणजे प्रश्नच कळला नाही. 'न' आला तर नियम वाचायचा. 'सु' आला तर पुन्हा नियम समजावत बसू नका, मिसळलेले आणखी प्रश्न द्या. 'प्र' आला तर सूचनेतले शब्द शिकवा. 'रीराइट', 'रिप्लेस', 'ॲड', 'इन्सर्ट' यांतला फरक न कळल्यानं गुण जातात आणि खापर व्याकरणावर फुटतं. मग चुकलेलं पूर्ण वाक्य वहीत बरोबर करून लिहायचं आणि खाली मराठीत एका ओळीत कारण. नुसता शब्द बदलून पुढे जायचं नाही.

तीच वाक्यं दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी परत. मधलं अंतर मुद्दाम ठेवायचं. शिकलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. थोडं विसरायला लागल्यावर आठवायचा प्रयत्न केला की ते जास्त टिकतं.


सिडको_पालक

सर, उत्तरसूची मुलीच्या हातात द्यावी का? ती आठवीत आहे, मराठी माध्यम. सूची समोर असली की एक प्रश्न, एक नजर असं चालतं.


फळा_खडू

ताई, द्या, पण पूर्ण संच सोडवून झाल्यावर. मधल्या काळात सूचीची पानं स्टेपल करून ठेवा किंवा फाडून वेगळ्या पाकिटात ठेवा. एकेक उत्तर बघत गेलं की 'हो, हेच येत होतं मला' असं वाटत राहतं आणि येतं किती ते कळतच नाही.

तपासायचं मात्र तिनं स्वतः, वेगळ्या रंगाच्या पेननं. तुम्ही फक्त चुकांपुढची अक्षरं आणि मराठीतली कारणं बघा. कारणाच्या जागी 'चुकून झालं' असं लिहिलेलं असेल तर ते कारण धरू नका.


गोदाकाठची_ताई

सूचीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका एवढं जोडते. बाजारातल्या बऱ्याच सरावपुस्तकांत प्रश्नच कच्चे असतात. नमुना बघा: 'ही ___ टू मुंबई. (गो)'. इथे 'गोज', 'वेन्ट', 'हॅज गॉन', 'विल गो' सगळं बसतं. सूचीत एकच दिलेलं असतं आणि मूल विनाकारण गोंधळतं. चांगल्या प्रश्नात काळाची खूण हवी: 'एव्हरी मंडे', 'लास्ट वीक', 'जस्ट', 'लुक!'. खूण नसलेला प्रश्न दिसला तर तो टाकून देऊ नका, उलटा वापरा: 'या जागी जेवढी रूपं बसतील तेवढी लिही आणि प्रत्येकाचा अर्थ मराठीत सांग.' कच्च्या प्रश्नातून असा उत्तम सराव निघतो.

आता माझा मुख्य मुद्दा. मराठी मुलांच्या चुका ठराविक जागी होतात, कारण मराठी वाक्य आतून ढकलत असतं. तयार पुस्तकं बहुतेक सगळ्या जगासाठी लिहिलेली असतात, त्यांत आपल्या या जागांना दोन-तीन प्रश्न मिळतात. त्या जागांसाठी सराव आपणच तयार करावा लागतो.

सगळ्यात हट्टी जागा 'सिन्स' आणि 'फॉर'. आपल्याकडे दोन्हीला 'पासून' चालतं: सोमवारपासून, दोन वर्षांपासून. म्हणून 'सिन्स टू इयर्स' येतं. मुलांना एक कागद द्या, मधे उभी रेघ. डावीकडे 'सुरुवात कधी?', उजवीकडे 'किती वेळ?'. मग बारा तुकडे वाटायला सांगा: मंडे, टू अवर्स, २०१९, अ लाँग टाइम, मॉर्निंग, थ्री मंथ्स, हिज चाइल्डहुड, दिवाळी वगैरे. डावीकडच्याला 'सिन्स', उजवीकडच्याला 'फॉर'. हे दहा मिनिटांत जमतं. पण इथेच थांबलात तर अर्धी चूक तशीच राहते. 'मी पाच वर्षांपासून नाशिकमध्ये राहतो' यात मराठी क्रियापद वर्तमानकाळी आहे, म्हणून मूल 'आय लिव्ह इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स' लिहितं. 'फॉर' बरोबर, क्रियापद चूक. तिथे 'हॅव लिव्ह्ड' हवं. म्हणून दुसऱ्या दिवशी तेच बारा तुकडे घेऊन पूर्ण वाक्यं करून घ्यायची.

दुसरी जागा 'अ, ॲन, द'. मराठीत हा प्रकारच नाही. रिकाम्या जागेचा सराव इथे फसवा ठरतो, कारण जागा दिसली की मुलाला कळतं, इथे काहीतरी हवं. खरी अडचण हवं की नको हे ओळखण्यात आहे. पाठ्यपुस्तकातला सात-आठ ओळींचा उतारा घ्या, सगळी 'अ, ॲन, द' काढून सलग लिहा, एकही जागा रिकामी सोडू नका. मग मुलानं जिथे हवं तिथे घालायचं. पहिल्यांदा निम्मी सुटतील आणि दोन-चार नको तिथे पडतील. नको तिथे पडलेली आधी तपासा: 'द नाशिक', 'द नेचर' अशी. नदीला 'द' लागतो, 'द गोदावरी'. शहराला लागत नाही.

'अ' की 'ॲन' यासाठी स्पेलिंग बघायला लावू नका. शब्द देवनागरीत लिहायला सांगा. 'युनिव्हर्सिटी' य पासून सुरू झाली, म्हणजे 'अ'. 'अवर' स्वरानं सुरू झाला, म्हणजे 'ॲन'. 'एमएलए', 'एसटी बस' ए पासून, म्हणजे 'ॲन'. फक्त 'वन-वे रोड'सारख्या शब्दात उच्चार 'व'चा आहे हे ऐकवून दाखवा.


रविवार_कारंजा

शब्दयोगी अव्ययांसाठी आपल्या शहराचाच नकाशा घ्यावा. 'ॲट सीबीएस', 'ऑन कॉलेज रोड', 'इन पंचवटी'. ठिकाण एक बिंदू धरलं तर 'ॲट', रस्ता किंवा पृष्ठभाग असेल तर 'ऑन', हद्द असेल तर 'इन'. मुलांना घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याची सहा वाक्यं लिहायला सांगितली की तिन्ही आपोआप येतात. वेळेसाठी 'ॲट सिक्स', 'ऑन संडे', 'इन मे' याच क्रमानं. 'इन द मॉर्निंग' पण 'ॲट नाइट' हे मात्र पाठच करावं लागतं.


फळा_खडू

वा, नकाशाची कल्पना उत्तम. सगळ्यांनी वापरावी अशी.


द्राक्षवेल_निफाड

प्रयोग बदलाबद्दल लिहितो, कारण दहावीच्या मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथे असतो आणि सराव म्हणून फक्त 'चेंज द व्हॉइस'ची लांब यादी दिली जाते.

वाक्य घेऊ: 'फार्मर्स सेल ओनियन्स ॲट लासलगाव'. आधी क्रियापदाखाली रेघ आणि वर काळाचं नाव: 'सेल', साधा वर्तमान. मग विकलं काय जातं ते शोधा: 'ओनियन्स'. ते पुढे आलं. आता 'बी'चं रूप त्याच काळातलं, पण नव्या कर्त्याप्रमाणे: 'ओनियन्स' अनेकवचन, म्हणून 'आर'. शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप: 'ओनियन्स आर सोल्ड ॲट लासलगाव'. 'बाय फार्मर्स' लिहायचं की नाही हे अर्थावर, पण परीक्षेत मूळ वाक्यात कर्ता दिला असेल तर लिहिलेलं बरं.

चुका कुठे होतात ते सांगतो. कर्ता 'फार्मर' असा एकवचनी दिला की 'ओनियन्स इज सोल्ड' येतं, कारण डोळा जुन्या कर्त्यावर असतो. यासाठी दहा वाक्यांत मुद्दाम सहा अशी घाला की जुना कर्ता एकवचनी, नवा अनेकवचनी किंवा उलट. चालू काळात 'बीइंग' गळतं: 'द रोड इज रिपेअर्ड' आणि 'द रोड इज बीइंग रिपेअर्ड' यांचा अर्थ वेगळा आहे हे मराठीत म्हणवून घ्या, 'दुरुस्त केला जातो' आणि 'दुरुस्त केला जात आहे'. आणि प्रत्येक यादीत दोन वाक्यं अशी ठेवा की त्यांचा प्रयोग बदलताच येत नाही: 'द गोदावरी फ्लोज ईस्ट', 'द बेबी स्लेप्ट'. कर्म नाही म्हणून बदल नाही, असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. हे केलं नाही तर मुलं रटाळपणे शब्दांची फिरवाफिरव करतात आणि वाक्य वाचतच नाहीत.

आणखी एक, प्रयोग फक्त बदलायला लावू नका, योग्य जागी वापरायलाही लावा. 'कुंभमेळा नाशिकमध्ये दर बारा वर्षांनी भरतो' याचं इंग्रजी करायला सांगा. 'इज हेल्ड' आपणहून आलं तर समजा प्रयोग कळला.


वाचनवेडा

एवढे प्रश्न सोडवण्यापेक्षा मुलांना इंग्रजी वाचू दिलं तर? सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे १८४० पासून आहे, पुस्तकांना तोटा नाही. भाषा वाचून येते, रिकाम्या जागा भरून नाही.


गोदाकाठची_ताई

दादा, वाचन हवंच, त्याला पर्याय नाही. शब्द, वाक्याची चाल, संदर्भ हे सगळं तिथूनच येतं. पण वाचताना अर्थ लागला की डोळा पुढे सरकतो. 'शी गोज'मधला शेवटचा 'ज' अर्थासाठी लागत नाही, म्हणून तो शेकडो वेळा डोळ्यांखालून जाऊनही हातात येत नाही. मराठीत 'ती जाते, तो जातो' असं लिंगानं रूप बदलतं, इंग्रजीत तिसऱ्या पुरुषी एकवचनाला बदलतं. त्यामुळे आपल्या कानाला तो 'ज' चुकल्याचं खटकत नाही. अशा बारीक जागी लक्ष रोखायला सराव लागतो.

'डझ' आला की तो 'ज' मुख्य क्रियापदावरून निघून 'डझ'वर बसतो. हे पक्कं करायला एकच वाक्य तीन प्रकारे लिहून घ्या: 'शी वर्क्स', 'शी डझ नॉट वर्क', 'डझ शी वर्क?'. रोज पाच क्रियापदं, आठवडाभर.

आणि प्रत्येक संचाच्या शेवटी त्याच नियमाची पाच स्वतःची वाक्यं, स्वतःच्या घराबद्दल, गल्लीबद्दल. ही तपासायला वेळ लागतो म्हणून शिक्षक टाळतात, पण नियम मुलापर्यंत पोचला का ते याच पाच वाक्यांत दिसतं.


बीजगणित_पंचवटी

धागा इंग्रजीचा आहे, पण मिसळून सरावाचा मुद्दा गणित-विज्ञानाला तंतोतंत लागू होतो म्हणून लिहितो.

वर्गसमीकरणाच्या प्रकरणात अवयव पद्धत, पूर्ण वर्ग पद्धत, सूत्र पद्धत असे वेगळे सरावसंच असतात. प्रत्येक संचात पद्धत सांगूनच दिलेली. पेपरात जिथे पद्धत सांगितलेली नसते तिथे मूल अडकतं. त्यामुळे प्रकरण संपल्यावर एक दिवस असा ठेवा की गणित सोडवायचंच नाही. दहा गणितं द्यायची आणि प्रत्येकापुढे फक्त पद्धत आणि तिचं कारण लिहायचं. भूमितीतही तसंच: आकृती बघून कोणतं प्रमेय लागेल एवढंच. पंधरा मिनिटांचं काम, पण याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही असं माझं ठाम मत आहे.

विज्ञानात भिंगाची उदाहरणं घ्या. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ६० सेमीवर. चिन्हसंकेताप्रमाणे वस्तूचं अंतर उणे ६०. प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त म्हणजे १/२० वजा १/६०, म्हणजे २/६०, प्रतिमा ३० सेमीवर. उणे चिन्ह विसरलं की १/२० अधिक १/६० होतं आणि उत्तर १५ सेमी येतं. इथे मुलाला विचारायचं: वस्तू नाभीच्या पलीकडे असताना प्रतिमा नाभीच्या अलीकडे, १५ सेमीवर, येईल का? येणार नाही, म्हणजे चिन्ह चुकलं. उत्तर शक्य आहे का हे बघायची ओळ प्रत्येक उदाहरणाखाली लिहायला लावा. सूचीशिवाय तपासायची ही एकच खात्रीची वाट आहे.

इतिहासाच्या 'कारणे लिहा'साठी पुस्तक बंद करून आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगानं भरायचं. पुढच्या वेळी फक्त दुसरा रंग वाचायचा.


सातपूर_दुसरी_पाळी

कंपनीत पाळ्या असतात, सलग अर्धा तास मिळत नाही. मुक्त विद्यापीठाचा अभ्यासही सोबत आहे. अशांसाठी काय?


फळा_खडू

तुमच्यासाठी चिठ्ठ्यांची पेटी. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आहे, खर्च जवळपास शून्य. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे घालून पाच कप्पे करा. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी. नुसता नियम चिठ्ठीवर लिहू नका, तो पाठ होतो आणि वापरता येत नाही.

पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्यानं, पाचवा पंधरा दिवसांनी. बरोबर आली की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकली की कुठूनही थेट पहिल्यात. दिवसाला नव्या चिठ्ठ्या पाचच. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी चाळीस केल्या की आठवड्यात पहिला कप्पा फुगतो आणि पेटी माळ्यावर जाते. दहा-बारा चिठ्ठ्या खिशात घेऊन कामावर गेलात तरी चहाच्या सुट्टीत होतात.

फोनवर सराव करणार असाल तर पर्यायावर बोट ठेवायचे प्रश्न कमी करा, टाइप करायचे जास्त घ्या. आणि कीबोर्डची शब्द सुचवणारी सोय बंद करा, नाहीतर तुमचं व्याकरण फोन लिहील.


सिडको_पालक

शिष्यवृत्तीच्या तयारीत वेळ लावून सोडवणं कधी सुरू करावं?


बीजगणित_पंचवटी

शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत. एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. मराठी माध्यमाला इंग्रजीचे २५ प्रश्न दुसऱ्या पेपरात, बुद्धिमत्तेच्या ५० प्रश्नांसोबत. इंग्रजी २० मिनिटांत उरकलं तर बुद्धिमत्तेला ७० मिनिटं मिळतात. आधीपासून घड्याळ लावलं तर मूल अंदाजानं गोल भरायला शिकतं. आणि गोल भरायचा सराव वेगळा करून घ्या: एक प्रश्न सोडला की पुढची सगळी उत्तरं एक ओळ वर सरकतात. दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवायची सवय लावली की ते टळतं.


द्राक्षवेल_निफाड

सगळ्यांसाठी एक छोटा संच. चूक असेल तर दुरुस्त करा. आठपैकी दोन वाक्यं बरोबर आहेत.

१. शी डझ नॉट नोज द आन्सर.
२. वी रीच्ड टू नाशिक रोड ॲट सिक्स.
३. द गोदावरी राइजेस निअर त्र्यंबकेश्वर.
४. टेल मी व्हेअर इज द बस स्टँड.
५. आय ॲम नोइंग हिम फॉर टेन इयर्स.
६. ही हॅज गॉन टू येवला यस्टरडे.
७. नायदर ऑफ द टू बॉईज हॅज कम.
८. माय ब्रदर इज एल्डर दॅन मी.


सातपूर_दुसरी_पाळी

१. नो. २. 'टू' काढला. ३. बरोबर. ४. बरोबर. ५. 'आय नो हिम फॉर टेन इयर्स'. ६. 'ही वेन्ट'. ७. 'हॅव कम', दोन मुलं आहेत म्हणून (ठिपका). ८. 'ओल्डर'.


गोदाकाठची_ताई

ठिपका दिलात ते छान. १, २, ३, ६, ८ बरोबर.

४: 'टेल मी' नंतर प्रश्न आतला झाला, म्हणून क्रम साध्या वाक्याचा: 'टेल मी व्हेअर द बस स्टँड इज'. हा 'न'. असेच आणखी पाच करा: 'आय डोन्ट नो', 'कॅन यू टेल मी', 'आस्क हिम' यांनी सुरू होणारे.

५: 'नोइंग' काढलंत ते योग्य, पण 'फॉर टेन इयर्स' मागे आहे, म्हणून 'आय हॅव नोन हिम'. वर 'राहतो' आणि 'हॅव लिव्ह्ड'चं जे लिहिलंय तेच. हा 'सु' धरा.

७: वाक्य मुळातच बरोबर आहे. 'नायदर' म्हणजे दोघांपैकी एकही नाही, म्हणून लेखी इंग्रजीत क्रियापद एकवचनी. बोलताना 'हॅव' ऐकू येईल, परीक्षेत 'हॅज'च लिहा.

तिन्ही वाक्यं चिठ्ठ्यांवर घ्या, तिन्ही पहिल्या कप्प्यात. ७ नंबरच्या सोबतीला 'बोथ ऑफ द बॉईज हॅव कम' अशी एक चिठ्ठी करा, म्हणजे दोन्हींतला फरक ठरवावा लागेल.